पंप मला घाबरतो

सोमवार, ११ मार्च १९९६
टाकी पुन्हा अर्धीच. काल रविवारी दुपारी दोनलाच भरून वाहिली, अळूच्या वाफ्यात तळं झालं. आज तेच ऊन, तीच विहीर, तोच पंप. आणि रोह्याच्या शाळेतून साडेसहाला घरी येऊन टाकीत काठी घातली, तर काठी अर्ध्यापर्यंतच ओली. रजिस्टरात लिहिलं: अर्धी.
सौरपंप सरकारी योजनेच्या साहेबांनी चाचणीसाठी दिलाय. एप्रिलअखेर येऊन रजिस्टर बघणार. रोज टाकी भरत नसेल तर पंप, पॅनल, सगळं ट्रकमध्ये घालून दुसऱ्या गावाला. गेल्या महिन्याअखेर पंप बसवताना हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं. पेणपासून एवढ्याशा अंतरावर घर, पण लाइटचे खांब अजून यायचेत. पंप येण्याआधी रोज पहाटे तीस बादल्या शेंदायच्या आणि मग एसटी पकडायची, हे दोन वर्षं केलं. फळ्यावर लिहायला खांदा वर जात नसे. तो दोर पुन्हा हातात घेणार नाही. नाही म्हणजे नाही.

बुधवार, १३ मार्च
नवरोबा धाटावच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. पहाटे शिफ्टला जाण्याआधी बॅटरी धरून कंट्रोलरच्या पेटीत डोकं घालून बसला. एक मुंगी सापडली. मुंगीला बाहेर काढलं. संध्याकाळी टाकी: अर्धी.
मुंगी निर्दोष.

रविवार, १७ मार्च
आज पंपच वर काढला. दोर, कप्पी, नवरोबा आणि मी. आई, म्हणजे सासूबाई, खुर्चीवर बसून सूचना देत होत्या: "हलू रे, हलू! विहिरीत जाशील!" खालच्या जाळीत मूठभर गाळ निघाला. मी तर आनंदाने ओरडलेच. सापडला चोर! ब्रशने घासून जाळी लख्ख केली, पंप परत सोडला, आणि पाणी असं धो धो आलं की नवरोबा कपड्यांसकट पाइपाखाली उभा राहिला. चाळीस वर्षांचा माणूस. मीही गेले. आईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.
टाकी दीडलाच पूर्ण.

सोमवार, १८ मार्च
अर्धी.
काही लिहावंसं वाटत नाही.

गुरुवार, २१ मार्च
घसा बसला म्हणून रजा. बिनआवाजाची बाई शाळेत काय कामाची? दिवसभर पडवीत पडून टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकला. एकला टाकी भरली. गुरुवारी!
आई मात्र आज बेचैन. तीनदा कुंपणापाशी जाऊन वाटेकडे बघून आल्या. सकाळी सकाळी हिरवं लुगडं कुंपणावर वाळत घातलं, तेही कोरडंच. विचारलं तर म्हणाल्या, "उनात टाकलेलं बरं असतं." पेणच्या आळीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. दारात सतत कुणीतरी. घर बांधायचं म्हणून मीच त्यांना या माळावर आणलं. कुणाची वाट बघत असतील? वाईट वाटलं.
संध्याकाळी नवरोबा टाकी बघून म्हणाला, "आलं लक्षात. पंप तुला घाबरतो."

रविवार, २४ मार्च
टाकी पूर्ण. अर्थात.
मी घरी असले की पूर्ण, शाळेत गेले की अर्धी. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे स्वतःच्या हाताने लिहिताना लाज वाटते. पण तक्ता तसंच सांगतो. नवरोबाची सूचना: बाईंचा फोटो कंट्रोलरवर लावावा, छडीसकट.

शुक्रवार, २९ मार्च
भांडण झालं. विहिरीतल्या केबलचा सांधा नवरोबाने केलेला. मी म्हटलं, सांधा तापला की सुटत असेल. तो म्हणाला, "अठरा वर्षं कंपनीत सांधे करतोय. रविवारी काय तो सुट्टी घेतो?" मुद्दा बिनतोड होता, म्हणून मला जास्तच राग आला. त्यातून या आठवड्यात त्याची रात्रपाळी, म्हणजे दिवसा घरीच. पंपाकडे लक्ष दे म्हणून बजावून गेले होते.
"लक्ष होतं," म्हणाला.
"डोळे उघडे होते?"
उठून कंट्रोलरची पेटी पुसायला गेला.
आईंना विचारलं, दिवसा पंपाला कुणी हात लावतं का? "नाय गो सुमन. पंप विहिरीत बुडलेला, त्याला कोन हात लावील?" बरोबरच आहे.

मंगळवार, ९ एप्रिल
आज लिहायला हात थांबत नाही!
परीक्षा सुरू. मला फक्त सकाळचं पर्यवेक्षण, म्हणून साडेअकराची गाडी मिळाली. दीडच्या सुमारास वाटेच्या वळणावर आले तर आमच्या अंगणातून हसण्याचा आवाज. बायकांचा. भरपूर.
आंब्याखाली पाचजणी बसलेल्या. आई मधोमध खुर्चीत, हातात कावळे हाकलायची काठी. आणि पॅनलवर, आठच्या आठ पॅनलवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीत, बोटभरसुद्धा जागा न सोडता, पोह्याचे पापड.
मी उभी. पेणच्या आळीतली हिराबाई, जी कधी कुणाला घाबरली नाही, तिनेही पदर तोंडावर ओढला. टाकीच्या पाइपातून करंगळीएवढी धार.
आईच बोलल्या. "मी लाटत नाय हां. लाटतात ह्या, आपापल्या घरी. मी वाळत घालते फक्त."
डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे खाली बसायला बंदी केली, तेव्हा मीच फर्मान काढलं होतं की या घरात पापड बंद. विसरलेच होते. त्या नव्हत्या विसरल्या.
"आई, मी विचारलं होतं ना, पंपाला कुणी हात लावतं का?"
"पंपाला नायच लावला! ह्ये वरचे आरसे. आरसे कंबरेएवढे उंच, वाकायला नको. खाली माती नाय, वर कोंबडी चढत नाय. दीड दिवसाचं वाळवण जेवणवेळेला तयार. देवानंच दिलं म्हणलं."
आणि ते हिरवं लुगडं? हिराबाईने सांगून टाकलं. कुंपणावर हिरवं दिसलं, की सूनबाई घरी. मग वळणावरूनच परत फिरायचं. रविवारी तर यायचंच नाही.
मला रागवायचं होतं. खरंच रागवायचं होतं. महिनाभर जाळ्या घासल्या, मुंग्या काढल्या, नवऱ्याशी भांडले. पण हसूच फुटलं, आणि एकदा मी हसले म्हटल्यावर त्या पाचजणी कसल्या थांबतात.
मग प्रयोग केला. सगळे पापड उचलले. धार मनगटाएवढी. म्हटलं, आई, आता तुम्ही एकेक ठेवा. पहिल्याच पॅनलवर ओळीने ठेवत गेल्या, आणि तेवढ्यानेही धार बारीक बारीक होत गेली. काढले, धार जाड. पुन्हा ठेवले, बारीक. बैलगाड्यांची रांग असते, पुढची अडली की मागच्या सगळ्या थांबतात, तसे हे पॅनल एकामागे एक जोडलेले. आईंनी धारेखाली हात धरून बघितला.
"अगो बाय," म्हणाल्या, "पापडानं पाणी अडतंय!"

बुधवार, १० एप्रिल
सगळ्यात आधी नवरोबाची माफी मागितली. सांध्याबद्दल. त्याने ती फार मोठ्या मनाने, तीन वेळा, स्वीकारली. रात्रपाळीच्या आठवड्यात बाहेर पाचजणी वाळवण घालत होत्या आणि हा आत घोरत होता, हे त्याला मात्र पटत नाही.
सकाळी आई चहा ठेवताना म्हणाल्या, "नाय येणार आता कोन. सांगितलंय मी."
मी म्हटलं, येऊ दे की, फक्त पॅनलवर नको.
"खाली मला बसता येत नाय. मग त्या कशाला येतील माझ्याकडं, एवढी चाल करून?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू जातेस रोह्याला, तो जातो धाटावला. मी काय भिंतीशी बोलू?"
गाडीत पूर्ण वेळ तेच डोक्यात. मी पाण्याचा तक्ता ठेवला, तारखांसकट. घरातलं माणूस दिवसभर काय करतं याचा एकही रकाना नाही.

गुरुवार, ११ एप्रिल
रजिस्टराचा प्रश्न. शेऱ्याचा रकाना महिनाभर कोरा. आई म्हणाल्या, "ढगाळ होतं म्हणून लिही." एप्रिलात! नवरोबा म्हणाला, "सांधा लिही, मी कबूल होतो." मोह झाला. पण मुलांना प्रयोगवहीत खरं लिहा म्हणून ओरडणारी मीच. प्रत्येक अर्ध्या टाकीसमोर स्वच्छ अक्षरात लिहिलं: पॅनलवर पापड. पॅनलवर पापड. पॅनलवर पापड.
आता जे होईल ते होईल.

रविवार, १४ एप्रिल
दिवसभर ठोकाठोक. नवरोबाने बांबूची चौकट केली, कंबरेएवढी, पॅनलइतकीच उतरती. जुन्या कपाटाच्या दारांच्या काचा तिच्यावर. हिराबाईचा भाऊ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, तो उंदरांना लावायचा काळा रंग घेऊन आला आणि काचांना खालून लावून दिला. दुपारी हात लावला तर चटका बसला. जागा आईंनी निवडली, पॅनलवर सावली पडणार नाही अशी. आदल्या दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ तीनदा काठी रोवून सावली मोजली होती. माझ्या वर्गात असत्या तर पहिला नंबर.

सोमवार, १५ एप्रिल
पूर्ण!!! सोमवारी! मी रोह्यात असताना!
आणि सहाजणींचे पापडही वाळले. आईंचा निकाल: "आरशांवर चांगले व्हायचे. पन चालंल."
जाताना प्रत्येकीने टाकीतून दोन हंडे नेले. आळीत नळाला पाणी एक दिवसाआड येतंय. तरी टाकीत उरलं.

सोमवार, २९ एप्रिल
साहेब आले. पडवीत बसून रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. "पॅनलवर पापड" ला थांबले. पुढच्या ओळीला थांबले. मग पान उलटलं, तिथेही तेच. चष्मा काढून पुसला. "बाई, मी बरीच रजिस्टरं बघितली. असा शेरा पहिल्यांदाच."
आईंनी भाजलेले पापड पुढे केले. चार खाल्ले. चौकटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काचेला बोट लावून चटका घेतला.
पण उठताना म्हणाले, महिनाभर अर्धी आणि फक्त पंधरा दिवस पूर्ण. वर पाठवतो, निर्णय तिकडे. डोंगरातली एक वाडीही मागतेय, तिथे बायका दीड मैल चालतात.
त्यांनाही तहान लागतेच. तरी पंप जाऊ नये असं वाटतं, अगदी पोटातून वाटतं.

बुधवार, ८ मे
शाळेला सुट्टी. मी घरी, कुंपणावर लुगडं नाही, आणि सगळ्याजणी हजर. सकाळी मीही लाटायला बसले. माझे पापड आईंनी बाजूला ठेवले, "ह्ये घरच्याला."
बाराला पोस्टमन. लांबट खाकी पाकीट, माझ्या नावाचं, साहेबांच्या ऑफिसचा शिक्का. सगळ्यांचे हात थांबले. नवरोबा कामावर. मी पाकिटाची कड धरली.
"आत्ता फाडतेस?" आई.
"मग कधी?"
"ऊन हाय तवर पाणी भरून घे गो. कागद काय, कंदिलाच्या उजेडातपन वाचता येतो." माझ्या हातातून पाकीट घेतलं, चौकटीवर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पोळपाट ठेवला आणि फडक्याने पॅनल पुसायला गेल्या. ते आता रोज त्याच करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.
हे विहिरीच्या कठड्यावर बसून लिहितेय. टाकी पाऊण झाली. हिराबाई हंडा लावून उभी, मागे चौघींची रांग. पाकीट पोळपाटाखालीच आहे. ऊन अजून चार तास आहे.