सुट्टीच्या दिवशी बॉयलर थंड ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सत्तरच्या पुढे (नेमकं किती ते आईलाही सांगता आलं नाही), धंदा लॉन्ड्री, आज पूर्ण शुद्धीवर बसून, राजीखुशीने हे लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही. या घरात धाक घालायचं काम माझ्याकडेच आहे. शाळेत मी चौथीपर्यंतच टिकले, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मरायला सवड नव्हती.

कलम पहिलं. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्या मुलाला आणि सुनेला मिळून. मिळून म्हणजे काहीही करायचं तर दोघांची सही लागेल. मुलगा म्हणाला, "आई, तिचं नाव कशाला मध्ये?" मी विचारलं, "जिन्यातला दिवा गेला की बदलतं कोण?" आत सून हसली, ते मला ऐकू आलं. माझे कान शाबूत असल्याचा हा पुरावा धरावा.

कलम दुसरं. बांगड्या लेकीला. शिवणाचं मशीनही तिलाच, पण त्यावर कपड्यांचा ढीग रचणार असेल तर नको.

भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ धाकट्या दिराला. कारण सांगते. माझं लग्न सरकारी सुट्टीच्या दिवशी लागलं. नवरा कचेरीत, त्याला सुट्टीचा पगार मिळाला. मी जुन्या मालकाच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला होते, माझा त्या दिवसाचा रोज कापला गेला. एकाच लग्नात नवरा पगारी आणि नवरी बिनपगारी. तेव्हा हा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आज फुकटच उभ्या आहात की." लोक हसले. मीही हसले, पण लक्षात ठेवलं. तोही पुढे कचेरीतच चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत एकही सुट्टी त्याने वाया घालवली नाही. चालतं घड्याळ त्याला काय करायचंय?

कलम तिसरं, मुख्य. लॉन्ड्री माझी स्वकष्टार्जित आहे. ती मशीन, टेबलं, इस्त्र्या, सायकल यांसह मुलाला देते. अट एकच. सरकार ज्या दिवशी कचेऱ्या बंद ठेवून पगार चालू ठेवतं, त्या दिवशी लॉन्ड्री बंद आणि पगार चालू. सगळ्यांचा. धुणारे, इस्त्रीवाल्या, गठ्ठे पोचवणारा आणि संध्याकाळी तासभर येऊन फरशी पुसणारी, सगळ्यांचा. "ती काय, रोजंदारीवर आहे," हे वाक्य मुलाने माझ्या फोटोसमोर उच्चारू नये. फोटो खाली पडेल. खिळा मी तसाच ठोकून घेतला आहे.

मुलगा म्हणतो, "आणि हॉटेलच्या चादरी?" पाहुण्यांनी एक दिवस कालच्याच चादरीवर झोपावं. नवराबायको वर्षानुवर्षं झोपतात.

अट मोडली तर लॉन्ड्री त्याच दिवशी सुनेच्या नावावर जाईल. ती सगळ्यांना सुट्टी देईल. मुलालाही देईल, बिनपगारी.

कलम चौथं, बॉयलरबद्दल. बॉयलर विझवला की पुन्हा वाफ धरायला अर्धा दिवस जातो. म्हणून या धंद्यात रीत अशी, की सुट्टी असली तरी एकाने येऊन त्याची धुगधुगी ठेवायची. तो एक म्हणजे आमचा बॉयलरवाला. माझ्याच वयाचा. जुन्या मालकाकडेही तोच होता, लॉन्ड्री मी घेतली तेव्हा बॉयलरबरोबर तोही आला. प्रत्येक सुट्टी त्याच्या दाराशी येऊन मागे फिरायची. माझ्या पश्चात सुट्टीला बॉयलर पार थंड करावा, हात लावला तर माठासारखा गार लागला पाहिजे.

या वर्षी पहिल्या सुट्टीला मी हे करून पाहिलं. आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, उद्या सुट्टी, पगार मिळेल. सकाळी खिडकी उघडते तर सगळी मंडळी पायरीवर हजर. भांग पाडलेले, कपडे कडक इस्त्रीचे.

"काय गं, काय झालं?" मी इस्त्रीवालीला विचारलं.

"सुट्टी घ्यायला आलोय, आजी."

"सुट्टी घरी मिळते."

"मग हजेरी कोण लावणार? पगार हजेरीवरच ना?"

"घरी जाऊन झोपा. घोरणं मला इथपर्यंत ऐकू आलं की हजेरी लागली."

कोणी हलेना. फरशीवाली म्हणाली, "आत्ता परत गेले तर सासू म्हणेल काढून टाकलं." तेवढ्यात आतून फुस्स असा आवाज आला. बॉयलरवाला मागच्या दाराने शिरून बॉयलरपाशी बसला होता.

"बाहेर या," मी म्हटलं.

"मावशी, हा थंड पडला की मला करमत नाही हो."

"घरी बायको आहे ना?"

"ती म्हणते, तुम्ही घरात असलात की मला करमत नाही."

पायरीवर जो हशा पिकला, तो हॉटेलपर्यंत गेला असेल. मीही कठड्याला धरून हसले. पण खरी भीती मला तिथेच कळली. मुलाला अट मोडावीच लागणार नाही. हा आपणहून येणार, वाफ आहेच म्हणून दोन इस्त्र्या तापणार, त्या तापल्यात म्हणून गठ्ठे सुटणार, आणि माझी सुट्टी माझ्या मागोमाग जाणार. माणसाला कायद्याने घरी कसं बसवायचं, ते या कागदासाठी बोलावलेल्या वकिलांना सांगता येईना. म्हणून हे कलम अर्धं सोडते.

कलम पाचवं. मी सुट्टीच्या दिवशी गेले तर दुसऱ्या दिवशीही लॉन्ड्री बंद ठेवून पगार द्यावा. दोन कारणं एका दिवसात उरकू नयेत.

कलम चौथं, पुढे चालू. वरचा मजकूर काल सकाळी पुरा झाला. सह्यांसाठी वकिलांना बसवून ठेवलं आणि सुनेला बॉयलरवाल्याच्या घरी, त्याला साक्षीला आणायला पाठवलं. ती एकटीच परत आली, पदर तोंडावर धरून.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मावशींना सांग, आज सुट्टी आहे. उद्या कामाच्या वेळात येऊन सही करतो."

काल सुट्टी होती, हे मी स्वतःच विसरले होते. वकिलांनी घाईघाईने खिशातली डायरी काढून पाहिली आणि तेही ओशाळले. मुलगा म्हणाला, "बघ, तुझाच माणूस तुला नाही म्हणतो." मी इतकी हसले की कवळी काढून वाटीत ठेवावी लागली. मग खाली जाऊन बॉयलरला हात लावला. माठ.

तेव्हा हे कलम असं पुरं करते. बॉयलरच्या खोलीची किल्ली एकच आहे. मालकी लॉन्ड्रीची, ताबा बॉयलरवाल्याचा. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या खिशात, त्याच्या घरी राहील. कोणाला वाफ हवी असेल तर त्याच्या दारात जाऊन मागून पाहावी.

सही: माझी, कवळी पुन्हा बसवून.

साक्षीदार: १. बॉयलरवाला. सही कामाच्या वेळात केली आहे, त्याचा रोज कापू नये. २. इस्त्रीवाली. सहीआधी हिने कागदावर घरातली विजेची इस्त्री फिरवली. कोपऱ्यातला पिवळा डाग तिचा आहे, खाडाखोड समजू नये.

ठिकाण: लॉन्ड्री, इस्त्रीचं टेबल.
तारीख: सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, बॉयलरने वाफ धरायच्या आत.