वनमालाच्या डोळ्यांवरचं संशोधन

१२ ऑगस्ट १९९८, मुधोळ

आजपासून नोंदी. निरीक्षण लिहून ठेवा, हे मी सव्वीस वर्षं झूलॉजीच्या वर्गात सांगून राह्यलो. स्वतः कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्याजोगं काही हाती लागलं नव्हतं. आज लागलं.

माझा जुना विद्यार्थी व्यंकटेश हैदराबादेत रिसर्च करतो. त्याने एका अमेरिकन पेपरची झेरॉक्स पाठवली. डोळ्याच्या मागच्या पडद्यात नर्व्ह सेल असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ग्लियल सेल. ग्लिया म्हणजे नुसती भर, विटांमधला गारा, असंच आम्ही शिकवत आलो. चूक. या लोकांनी उंदराच्या पडद्यात ग्लियाला बारीक सुईचा धक्का दिला, तर कॅल्शियमची लाट उठली. लाट जिथे पोचली तिथली नर्व्ह सेल कधी जास्त बोलू लागली, कधी गप्प झाली.

गप्प झाली. मेली नाही. खाली दोन रेघा ओढल्या.

१३ ऑगस्ट

माझ्या पत्नीला, वनमालाला, काचबिंदू आहे. जूनमध्ये निजामाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यात दाब वाढला आहे, नर्व्ह मरून राहिली आहे, मेलेली परत येत नाही. उरलेली वाचवायला थेंब, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. डॉक्टर तरुण आहेत. वाचन कमी असावं.

माझा सिद्धांत: नर्व्ह मेलेली नाही, ग्लियाने गप्प बसवली आहे. ग्लियाला जागं करा, नर्व्ह बोलेल.

१५ ऑगस्ट, झेंडावंदनाहून आल्यावर

वनमालाला दारावर खडूने आकृती काढून समजावलं. तिने विचारलं, पण थेंब काऊन बंद करायचे? दोनी संगं नाही चालत का? प्रश्न चांगला होता. म्हटलं, दोन्ही चालू ठेवले तर गुण कशाने आला ते कळेल कसं? तिने दारावरच्या आकृतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, तुमी शिकलेले आहा. तुमी म्हणता तं बंद करते.

बाटली मी माझ्या कपाटात ठेवली.

२० ऑगस्ट

पद्धत ठरली. सकाळी सातला डोळे मिटवून दोन्ही पापण्यांवर बोटाने चाळीस-चाळीस टिचक्या. सुईच्या जागी बोट, तत्त्व तेच. नंतर कॅल्शियमच्या दोन गोळ्या आणि मूठभर तीळ. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लहान-मोठी अक्षरं लिहून तक्ता भिंतीला लावला.

वनमाला म्हणते, दुखते. धक्क्याशिवाय लाट उठत नाही.

१७ सप्टेंबर

तक्त्याची सगळ्यात खालची ओळ तिने न अडखळता वाचली! पहिल्या दिवशीही वाचली होती, पण आज आत्मविश्वास वेगळा होता. माझ्या स्वतःच्या पेपरचं शीर्षक ठरवलं. इंग्रजीत, अकरा शब्दांचं.

९ ऑक्टोबर

शेजारच्या मालनबाई घरी आल्या. म्हणे बाजारात वनमाला कापसाच्या गाडीच्या बैलांसमोर गेली, गाडीवाला ओरडला म्हणून वाचली. वनमाला खाली बघत म्हणाली, डावीकडून काई दिसून नाही राह्यलं. मालनबाई मला म्हणाल्या, सर, दवाखान्यात काऊन नाही नेत तुमी? मी विचारलं, काचबिंदूवर तुमचं काही वाचन आहे का? त्या उठून गेल्या.

वनमालाचं रस्त्यात लक्ष नसतं. लग्न झाल्यापासून.

२ नोव्हेंबर

व्यंकटेशचं पत्र. सर, तो पेपर उंदरांवरचा आहे, त्यात इलाजाचा एक शब्द नाही. मॅडमच्या डोळ्यांना हात लावू नका, आजच्या आज थेंब सुरू करा. दोन पानं हेच.

पोरगं पुढे गेलं की गुरूची भीती वाटू लागते. आपला विषय हा नेईल की काय. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं.

वनमालाने विचारलं, काय लिहिते व्यंकटेश? म्हटलं, कौतुक करतो.

डिसेंबर (तारीख राहिली)

कॉलेजच्या परीक्षा. माझ्या पेपरचं लिखाण जानेवारीत नक्की.

२२ जानेवारी १९९९, बासर

वसंत पंचमी. सरस्वतीचं दर्शन घेऊनच लिहायला बसावं म्हणून दोघं आलो. पोरांच्या हाती पाटी द्यायला आलेल्या आई-बापांची ही गर्दी. गोदावरीच्या घाटावर वनमाला पडली, उजवं मनगट मोडलं. पायऱ्या ओल्या होत्या.

ती पडली ती पायरी कोरडी होती. वरच्या ओल्या होत्या.

प्लास्टर घालताना ती कंपाउंडरला सांगत होती, पायरी दिसलीच नाही, जमीन एकदम सरली. मी म्हटलं, गर्दीत होतं असं.

१४ मार्च

प्लास्टर निघालं. वनमाला गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते, पण मशीन तिने चादर घालून कोपऱ्यात लोटलं. हात दुखते म्हणते.

तक्ता वाचला. शेवटची ओळ आजही बरोबर, फक्त एकेक अक्षर शोधत, मान हलवत. नळीतून पाहिल्यावानी दिसते म्हणाली. तरी बरोबर वाचली हे महत्त्वाचं. टिचक्या चाळीसवरून तीसवर आणल्या. ही माघार नाही. डोसमधला बदल आहे.

२ एप्रिल

तिने आज चहा कपाच्या बाजूला ओतला. बशी मी पुसली. नोंद करण्याचं कारण नाही.

९ मे, सकाळी दहा

अंगणात ज्वारी पाखडता पाखडता वनमाला थांबली. तोंड वर करून विचारलं, आभाळ आलं का हो?

ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता.

म्हटलं, हो, आलंय थोडं.

असं का म्हटलं माहीत नाही. आज टिचक्या दिल्या नाहीत.

११ मे

हैदराबादला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं ठरवलं. सेकंड ओपिनियन. संशोधनात तेही लागतं. वनमालाला सांगितलं तर ती लगेच लुगडी काढायला उठली आणि पेटीला धडकली.

१८ मे, हैदराबाद

तीन मशीनवर तपासलं. डाव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्यात मधोमध जरासं उरलं आहे. ऑपरेशन करू, पण उरलेलं टिकवण्यासाठी. गेलेलं येणार नाही.

डॉक्टरबाई हिंदीत बोलत होत्या. फाइल चाळून विचारलं, निजामाबादला थेंब दिले होते, कोणी बंद केले?

मी घसा साफ केला. तोवर वनमाला बोलली. मीच सोडले, म्हणाली. डोळे जळत होते.

डॉक्टरबाई तिच्यावर फार रागावल्या. स्वतःच्या हाताने डोळे घालवलेत म्हणाल्या. बाहेर लोक वळून बघत होते. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, घरात एवढा शिकलेला माणूस आहे, त्यांचं तरी ऐकायचं होतं.

वनमाला म्हणाली, हव. चुकलं माझं.

मग डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वनमालानेही तोंड माझ्याकडे वळवलं, माझ्यापासून हातभर डावीकडे.

मी म्हटलं, यापुढे मी लक्ष ठेवीन.