यंदाचा कोवळा लोंगर

९ जानेवारी २०००

लोंगर आला. पापडीच्या अँथनीने टेम्पोतून उतरवला, खांद्यावर घेऊन चार मजले चढला, गॅलरीत ठेवला. "काकांनी दिलाय, काकी." पाणी प्यायला आणि गेला. मार्केटात त्याची भाजी वाळत होती.

दर संक्रांतीच्या आधी पापडीच्या आमच्या वाडीतून राजेळी केळ्यांचा एक लोंगर इथे बोळिंजला येतो. मी तो पिकवते, केळी सोलते, गच्चीत उन्हात वाळवते. सुकेळी झाली की अर्धी इथे, अर्धी परत पापडीला. म्हातारा केळी पाठवणार, मी सुकेळी पाठवणार. चार वर्षं एवढाच संसार उरलाय.

पण यंदाचा लोंगर कोवळा. केळ्यांचे कंगोरे अजून उभे आहेत, भरले नाहीत. अशी केळी कोंडली तरी नीट पिकत नाहीत, वाळवली तर लाकूड होतात. हे त्याला मी सांगायचं? पन्नास वर्षं वाडी केली त्याने.


१० जानेवारी

घरात कोणी नाही. धनेश आणि सून हेमांगी अंधार असतानाच कामावर जातात, नात ज्ञानदा कॉलेजला. उरतात भांडी, मी आणि टीव्ही. टीव्हीतल्या बायका दिवसभर रडतात, म्हणून बंद केला. धनेशच्या ऑफिसची ही डायरी कोरी पडली होती. माझी चौथी झालीय. तेवढीत भागेल.


११ जानेवारी

त्याचं नाव तोंडाने घेत नाही. कागदावर लिहून बघते — श्रीपत. काही झालं नाही. घर पडलं नाही.

आमचं भांडण नाही. लोकांना वाटतं आहे. हेमांगीला नोकरी लागली तेव्हा ज्ञानदा आठवीत होती. धनेश म्हणाला, "आई, दोन महिने ये, पोरीला सवय होईपर्यंत." मी आले. म्हातारा म्हणाला, "जा, वाडीला पानी कोन देईल, मी इथेच." वास्तुशांतीला एकदा येऊन राहिला. रात्री उठून बसला, म्हणतो, "डोक्यावर कोनतरी चालतोय." वरच्या मजल्यावर माणसं राहतात म्हटलं. सकाळी चप्पल घालून गेला.

मग मी गणपतीला जायची, दिवाळीला जायची. मग नुसती गणपतीला. गेल्या वर्षी हेमांगीचा पाय मुरगळला, तेव्हा तेही राहिलं. कोणी ठरवलं नाही. पापडी काही चंद्रावर नाही, एसटीने तासभर.


१४ जानेवारी

ज्ञानदाची बारावी. कॉलेजात शिकवतात इंग्रजीत, ती मला सांगते मराठीत. मला सांगितलं की तिच्या डोक्यात बसतं म्हणे. भिंतीला सांगितलं तरी बसेल, पण भिंत 'हुं' म्हणत नाही.

आज केमिस्ट्री. म्हणे काही गोष्टी आपोआप होतात. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, कोणी पसरवायला लागत नाही. पण पसरलेला वास आपोआप परत उदबत्तीत जात नाही. मीठ पाण्यात विरघळतं. गरम चहा गार होतो. गार चहा आपोआप गरम होत नाही.

मी म्हटलं, "हे शिकायला फी भरली?"

म्हणाली, "आजी, ह्याला एन्ट्रॉपी म्हणतात. पसारा समज. सगळं मिळून बघितलं तर पसारा वाढतच जातो."

"तो तुझ्या खोलीत दिसतो. त्याला नाव कशाला?"

हसली. ती हसली की घरात कोणीतरी आहे असं वाटतं. मार्चनंतर तीही हॉस्टेलला जायचं म्हणतेय.


१५ जानेवारी

संक्रांत. अँथनीबरोबर पापडीला तिळगूळ पाठवला आणि ज्ञानदाचा नवा फोटो. कॉलेजच्या कार्यक्रमातला, साडीतला. निरोपही पाठवला — कोवळा लोंगर पाठवताना हात कसा धजला म्हणावं.


१७ जानेवारी

अँथनी आला. निरोपाचं उत्तर — "म्हणाले, औंदा तसंच आलंय."

औंदा तसंच आलंय! लोंगर काय झाडावरून स्वतः उतरून टेम्पोत बसला?

"आणि फोटो?"

अँथनी मान खाली घालून म्हणाला, "घेतला, काकी. खिशात ठेवला."

"बघितला?"

"नाय. नंतर बघीन म्हणाले."

नातीचा फोटो. नंतर बघीन. काय राज्य चालवायचं होतं तेव्हा?

अँथनी जाता जाता म्हणाला, "काका हल्ली रागात असतात वाटतं. रस्त्यावरून हात केला तरी बघत नाहीत."

राग आहे तर. असू दे. मलाही आहे.


१९ जानेवारी

पाठवलाय तर टाकू कुठे. पेंढ्यात कोंडून ठेवली होती केळी. निम्मी पिवळी झाली, निम्मी हिरवीच घट्ट. पिवळी सोलून गच्चीत चटईवर घातली.

सेक्रेटरी वर आला. "आजी, गच्ची कॉमन आहे."

"ऊनही कॉमन आहे. मी काय सगळं संपवत नाही."

"कबुतरं येतात हो."

"मग त्यांना नोटीस द्या."

गेला. नंतर वाटलं, बसवून घ्यायला हवं होतं. दोन शब्द तरी बोलला असता.


२२ जानेवारी

काल दव पडायच्या आत केळी खाली आणायची राहिली. गुडघा धरला होता. सकाळी गेले तर सगळी चिकट, ओली. दिवसभर गेलेलं पाणी रात्रीत परत आलं.

ज्ञानदाला म्हटलं, "तुझं पुस्तक खोटं. गेलेलं पाणी आपोआप परत येतं."

विचारात पडली. मग म्हणाली, "दिवसा हवा कोरडी आणि गरम, म्हणून पाणी तिकडे. रात्री गारवा आणि दमट, म्हणून इकडे. दोन्ही आपोआपच. बाहेर काय आहे त्यावर असतं गं."

"मग फ्रीजमध्ये पाण्याचा बर्फ होतो तो?"

"तो आपोआप नाही. वीज लागते. फ्रीजच्या मागे हात लाव."

लावला. तापलेला.

"बघ, आतलं गार आणि नीटनेटकं ठेवायचं तर बाहेर कोणीतरी तापतं."

म्हटलं, हे पुस्तकात नसेल तर लिही. मार्क मिळतील.


२३ जानेवारी

लाईट गेली. बर्फाचं पाणी झालं. कोणी काही केलं नाही.


२७ जानेवारी

पापडीत पीटरच्या दुकानात फोन आहे. फोन करून म्हाताऱ्याला बोलावून घ्यायला सांगितलं. बराच वेळ लागला. येताना कुठेतरी धडपडला, पीटरचं "काका, पायरी, पायरी" ऐकू आलं. वय झालंय.

मी — "कसं आहे?"

तो — "बरं. तुझं?"

मी — "बरं."

मग नुसती खरखर. मी फोटोबद्दल विचारणार होते, पण का म्हणून मीच विचारायचं? त्याने विचारावं. तो म्हणाला, "ठेवतो. पीटरचं गिऱ्हाईक आहे."


३० जानेवारी

सुकेळी झाली. झाली म्हणायचं. चार-पाच चांगली, मधासारखी. बाकीची काळी, कडक, घास तुरट. अशी सुकेळी मी आयुष्यात केली नाही. सुकलेल्या पानांत बांधली आणि पुडा कपाटात ठेवून दिला. पाठवायची नाहीत. खा म्हणावं तुझा कोवळा लोंगर.

धनेश पुडा बघून म्हणाला, "आई, कशाला मनाला लावून घेतेस? कंटाळतील आणि येतील बाबा इकडे. होईल सगळं आपोआप."

ज्ञानदा आतून ओरडली, "पप्पा, आपोआप फक्त पसारा होतो."

धनेशला कळलं नाही. मला कळलं.  


१ फेब्रुवारी

ज्ञानदाला विचारलं, जे आपोआप होतं ते लगेच होतं का?

नाही म्हणाली. आपोआप म्हणजे पटकन नव्हे. लोखंड गंजतं ते आपोआपच, पण आज ठेवलं नि उद्या गंजलं असं नाही. रोज बघणाऱ्याला कळतही नाही.

आणि परत लोखंड करायचं तर?

"भट्टी लागते. मेहनत. बाहेरून."

तिने पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, "आजी, तुला जायचंय का आजोबांकडे?"

मी म्हटलं, भाजी करपतेय. भाजी अजून चिरायची होती.


३ फेब्रुवारी

हेमांगीला सांगितलं, मी जाते. भेटायला नाही, राहायला.

"आई, परीक्षा झाल्यावर जा ना. महिनाभर तर आहे. डबे, दूध, गॅसवाला — मी कसं करू?"

ती वाईट नाही. खरंच तिला कळत नाही कसं करायचं. आता फ्रीजच्या मागची बाजू तिची.

म्हटलं, "दोन महिने म्हणून आले होते बाई."

मग ती कणीक मळायला बसली. बऱ्याच वर्षांनी.

धनेश म्हणाला, "बाबांनी बोलावलंय का?" नाही बोलावलं. बोलावणार पण नाही. तो बोलावणार नाही, मी जाणार नाही — ह्यात चार वर्षं गेली, आणि दोघांनी काहीच केलं नव्हतं.


५ फेब्रुवारी

पिशवी भरली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, सुकेळीचा पुडा. घेऊन जाते. त्याच्यासमोर ठेवीन आणि म्हणेन, चाव. मग फोटोचं विचारीन. चार वर्षांचं सगळं विचारीन. एसटीत बसल्यावर काय काय बोलायचं ते ठरवायचंय.

ज्ञानदाने चॉकलेट दिलं आणि म्हणाली, "आता मी कोणाला सांगू धडे?"

भिंतीला सांग म्हटलं. मग मीच भिंतीकडे बघत बसले.


६ फेब्रुवारी, पापडी

म्हातारा ओटीवर बसला होता. मी अंगणात उभी, लुगड्यात, ऊन माझ्या तोंडावर. त्याने सरळ माझ्याकडे बघितलं.

"कोन? अँथनी का रे?"

मी पिशवी खाली ठेवली. त्याने खिशातून ज्ञानदाचा फोटो काढला, माझ्यापुढे धरला. म्हणाला, "घाई नसली तर बस जरा. पोरगी कशी दिसते ते सांग. घरी कोनाला बोलू नको."

फोटो उलटा धरला होता. मी सुलटा केला आणि शेजारी बसले.