सुजलेला हात

ती. आई,

पेरूच्या डोंगरातून नमस्कार. मी ठीक आहे. हात थोडा सुजलाय, म्हणून अक्षर असं.

इंकांचं जुनं शहर अजून दोन दिवसांवर आहे. काल ओढ्यावर जाताना, तिकडे दुबईत, आपल्या कुसैस भागातल्या कॅफेत टेबल अडवायला पर्स ठेवते तशीच सॅक वाटेवर ठेवून गेले. परतले तर एक म्हातारा ती घेऊन पळत होता. तू बजावलंच होतंस, "ती काही दुबई नाही, लुटतील." मी बुक्क्यांनी त्याचं तोंड फोडलं. तो वर बोट दाखवत ओरडत राहिला, मी मारत राहिले. दात पडला तरी.

मग दरड कोसळली. नेमकी मी सॅक ठेवली होती त्याच जागेवर.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना हे सांगू नकोस.

आता माझी सॅक तोच म्हातारा वाहतोय. माझा हात दुखतो ना.

तुझी,
शर्वाणी