गेनबांचा वस्तरा

मी, नूरुद्दीन बाबालाल तांबोळी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती (चार वर्षांपासून बंद), राहणार भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हात ठिकाणावर नाही. उजव्या हाताचा कंप वाढत चालला आहे, तेव्हा सही सहीसारखी दिसते आहे तोवर हे काम उरकून घ्यावे, असे माझी पत्नी कुलसुम हिचे म्हणणे पडले आणि ते मला पटले.

मसुदा आमच्या गल्लीतल्या वकील प्रेरणा धुमाळ यांनी पाहिला. "काका, मुद्द्याचं तेवढं ठेवा, बाकीचं काढा," असे त्या म्हणाल्या. मी दोनदा वाचून पाहिले. काढण्यासारखे काही सापडले नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, पुढचा ओटा आणि ओट्यालगतचे दुकान. आमच्यात वारसांचे हिस्से आधीच ठरलेले असतात, त्यात मी लुडबुड करत नाही. फक्त एवढेच की कुलसुम हयात असेतो घर विकू नये, आणि ओट्यावरचा आरसा तिला विचारल्याशिवाय काढू नये. तो जरा वाकडा लावला आहे, तो तसाच बरोबर आहे. सकाळचे ऊन त्याच कोनात गालावर येते.

कलम २. मशीन दुरुस्तीची हत्यारे, तेलाच्या बुधल्या आणि सुट्या भागांचे खण मुलगा सरफराज याला. तो शिरवळला कंपनीत आहे आणि या हत्यारांना हात लावणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी ती त्याचीच, कारण त्यांच्या जिवावर तो शिकला. पोस्टातले जे काही असेल ते कुलसुमचे आणि दोन्ही मुलांचे, कायद्याने वाटून.

कलम ३. सरफराजने मला १९९८ साली ईदला दाढीच्या फेसाचा एक डबा भेट दिला होता, दाबला की फुस्स करून फेस येतो तो. डबा न फोडता कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे. तो त्याला परत. बेटा, राग धरू नकोस. पाण्यात ब्रश भिजत घालायचा, वाटीत साबण घोळायचा, गालावर फेस चढेपर्यंत वाट पाहायची, ही माझी दिवसातली एकमेव निवांत वीस मिनिटे होती. तू ती वाचवून द्यायला निघालास. तुझा हेतू चांगलाच होता.

कलम ४. वस्तरे. लहानमोठे तेवीस नग, पैकी चार जर्मन, दोन विलायती, बाकी देशी. बहुतेक पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार पायपीट करून मिळवलेले. त्यांच्यासोबत धार लावायचे तीन दगड, चामड्याचे दोन पट्टे, ब्रश आणि तुरटीचा मोठा खडा. हे सर्व माझी मुलगी निलोफर हिला, वाई येथे. एका वारसाला जास्तीचे द्यायचे तर बाकीच्यांची संमती लागते, म्हणून कुलसुम आणि सरफराज यांच्या सह्या वेगळ्या कागदावर घेतल्या आहेत. सही करताना सरफराज म्हणाला, "अब्बा, ती काय करणार वस्तऱ्यांचं?" तर ऐक. दहा वर्षांची असल्यापासून ती माझ्याशेजारी बसून पाती घासते आहे. पाते दगडावर फिरवताना आवाज कुठे बदलतो ते तिला माझ्याआधी कळते. गेल्या तीन वर्षांत तिने वाईच्या इंटरनेटच्या दुकानातून आमच्या वस्तऱ्यांचे फोटो परदेशात पाठवले, आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसे तिला 'सर' म्हणून धारेबद्दल विचारतात. तिने अजून त्यांना खरे सांगितलेले नाही. दाढी नाही म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

कलम ५. सोमवारच्या बैठकीबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम कोणाला कळणार नाही. १९९१ पासून दर सोमवारी सकाळी माझ्या ओट्यावर पाच-सहा जण दाढीला जमत असू. सोमवार अशासाठी की सलूनवाल्यांची त्या दिवशी सुट्टी, आणि आमच्यातला एकमेव खरा कारागीर म्हणजे धनाजी गेनबा काशीद, राहणार पासली. त्याचे वेल्ह्यात सलून. बाकी आम्ही सगळे हौशी. ज्याने त्याने आपला ब्रश, आपला साबण आणायचा, पाणी मात्र माझ्या नळाचे. भोंगवलीचा एक गडी सुरुवातीला घरून बोअरचे पाणी घेऊन यायचा आणि फेस धरत नाही म्हणून साबणाला नावे ठेवायचा. माझ्या नळाला येणाऱ्या धरणाच्या पाण्यावर तोच साबण सायीसारखा फुलला तेव्हापासून त्याने बोअरचे पाणी आणणे सोडले. केसाच्या कलाने एक हात, मग आडवा हात, उलटा हात फिरवावा की नाही यावर भांडणे. आमच्या बायका आम्हाला हसायच्या. मला आयुष्यात त्याहून चांगली संगत मिळाली नाही.

कलम ६. आता माझ्या दाढीबद्दल. गेली दोन वर्षे मी दाढी राखली आहे. मशिदीत लोक हात हातात घेऊन मुबारक म्हणतात. सरफराजला तर फार आनंद झाला, त्याने मला अत्तर आणून दिले. मी कोणाला काही बोललो नाही, पण कागदावर खोटे ठेवायचे नाही. ही दाढी इबादतीची नाही. एके सकाळी जर्मन वस्तरा गळ्याशी असताना हात उडाला. जखम लहानच होती, पण त्यानंतर मी वस्तरा हातात धरला नाही. सलूनमध्ये जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली बसायला मन घेईना. ज्याच्या हाताखाली बसलो असतो तो एकच होता, आणि त्याचे माझे बोलणे बंद होते. फुकटचे पुण्य घेतल्याबद्दल अल्लाह मला माफ करो.

कलम ७. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

१९६४ साली मी मशीन दुरुस्तीसाठी वेल्ह्याला एसटीने आणि पुढे पासलीला चालत गेलो होतो. मुक्काम पडला. सकाळी धनाजीचे वडील गेनबा यांनी मला पारावर बसवून दाढी केली. साबण नाही, नुसते पाणी. पाणीच इतका वेळ गालावर चोळले की मला वाटले म्हातारा विसरला. मग वस्तरा फिरला तो कळलाच नाही. माझी ही हौस त्या पारावर सुरू झाली. पुढे पंचवीस वर्षे मी पासलीला काही ना काही निमित्त काढून जात राहिलो.

गेनबा १९८९ ला वारले. १९९७ साली धनाजीच्या नातवाचे जावळ काढायचे ठरले. आजच्या काळात सगळे ब्लेडचे पान बदलून दाढी करतात, धनाजीच्या दुकानातही तसेच, पण घरच्या लेकराचे जावळ बाबांच्याच वस्तऱ्याने काढायचे अशी त्याची इच्छा. तो वस्तरा घेऊन माझ्याकडे आला. "नूरभाई, निस्ती धार लावा. दुसरं काय करू नगा," असे त्याने मला स्पष्ट सांगितले होते. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी लोकांना वेगळे सांगत आलो.

वस्तरा आठ दिवस माझ्याकडे होता. पाते काळे पडलेले, शिंगाची मूठ तडकलेली, टोक झिजून गोल झालेले. मला राहवले नाही. मी ते पाते घासून आरशासारखे केले. नवी मूठ बसवली, जुनी टाकून दिली. आणि टोक दगडावर घेऊन कोरून काढले, जर्मन वस्तऱ्यांचे असते तसे सरळ, अणकुचीदार. सोमवारी सर्वांसमोर मखमलीच्या तुकड्यावर ठेवून मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे केला.

धनाजीने टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ह्ये टोक झिजल्यालं नव्हतं, नूरभाई. बाबानं सोता घासून बोथट केलं व्हतं. बारक्या पोराच्या टाळूला लागू नये म्हून. पासलीतल्या समद्या पोरांची जावळं ह्यानं काढली. आता ह्यो पोराच्या डोक्याला कसा लावू?"

त्या वेळी मी चूक कबूल केली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण चारचौघांत बसलो होतो. मी म्हणालो, "गंजकं पातं दिलं होतंस, त्याचं सोनं करून दिलं, तर वर तूच मला शिकवतोस?"

"बाबा व्हता त्यात," एवढेच तो म्हणाला. वस्तरा तिथेच ठेवून तो उठला आणि पुन्हा आला नाही. नातवाचे जावळ नव्या पानाने झाले असे कळले. सोमवारची बैठक वर्षभरात मोडली. मी प्रत्येकाला सांगत फिरलो की धनाजी कोत्या मनाचा आहे.

तेव्हा माझे सांगणे असे. हा वस्तरा माझ्या मालकीचा नाही आणि कधीच नव्हता, त्यामुळे तो देण्याचा मला अधिकार नाही. माझ्या पश्चात सरफराजने स्वतः पासलीला जाऊन तो धनाजीच्या हातात द्यावा आणि सांगावे की अब्बांची चूक होती, ती त्यांना त्याच दिवशी कळली होती. याशिवाय माझा सर्वांत आवडता मोठा जर्मन वस्तरा कलम ४ मधून वगळून धनाजीला द्यावा. बदल्यात म्हणून नाही. ज्या हाताला तो शोभेल असा दुसरा हात मला माहीत नाही, म्हणून.

येथे मृत्युपत्र संपले होते. पुढील मजकूर पुरवणी समजावा.

पुरवणी. शनिवारी मी दुपारी झोपलो असता कुलसुमने वरील कागदांची झेरॉक्स काढली आणि वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे धनाजीच्या सलूनमध्ये द्यायला दिली. मला विचारले नाही. मी चिडलो तर म्हणाली, "तुम्ही गेल्यावर माफी मागायला सरफराजला पाठवणार. चूक त्याची होती का?" 

आज रविवार. सलूनच्या धंद्याचा दिवस. धनाजी सकाळी साडेदहाला ओट्यावर येऊन उभा राहिला. दुकान बंद ठेवून आला होता. नऊ वर्षांत केस सगळे पांढरे झाले त्याचे. कुलसुमने पाणी दिले, ते प्यायला, आणि मला म्हणाला, "वस्तरा काडा."

मी काढून दिला. दर महिन्याला तेल लावत होतो, गंज नव्हता. त्याने दगड मागितला आणि मांडी घालून त्या टोकाला लागला. दहा मिनिटे घासले, मग वस्तरा माझ्याकडे दिला. "आता तुमी." मी म्हणालो, माझा हात हलतो. तो म्हणाला, "बोथट करायला हलता हात चालतोय." मी घासले. हात हलतच होता. टोक गोल झाले. त्याने ते स्वतःच्या पापणीखाली नाजूक कातडीवर टेकवून पाहिले आणि मान हलवली. मला बोलायचे होते ते तेव्हा बोललो. इथे पुन्हा लिहीत नाही. तो म्हणाला, "बाबा आता न्हाई ह्यात. पर वस्तरा हाय." मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

मग त्याने मला आरशासमोर बसवले. साबण काढायला लागलो तर नको म्हणाला. नुसत्या पाण्याने, वडिलांसारखे, बराच वेळ. सरफराज, तुला वाईट वाटेल हे मला समजते. घरी आलास की आपण बोलू, आणि ते मीच बोलेन, दुसऱ्या कोणाकडून निरोप येणार नाही.

वकीलबाई सह्या घ्यायला आल्या तेव्हा दुसरा साक्षीदार मिळेना. धनाजी म्हणाला, मी करतो. त्यांनी त्याला बजावले की साक्षीदाराने मृत्युपत्रात काही घेऊ नये, उद्या वाद होतो. सही केलीत तर जर्मन वस्तरा सोडावा लागेल. धनाजी म्हणाला, "त्यो निलोफरला ऱ्हाऊ द्या. माजा हाय माज्यापाशी. कुठं करायची सही?" सबब कलम ७ मधील जर्मन वस्तऱ्याची तरतूद रद्द. गेनबांचा वस्तरा मालकास पोहोचला.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केले आहे. सही थोडी थरथरली आहे, ती माझीच.

ठिकाण: भोर
दिनांक: १७ डिसेंबर २००६

लिहून ठेवणार: नूरुद्दीन बाबालाल तांबोळी

(वकिलांचा शेरा: लिहून ठेवणाराचे डकवलेले छायाचित्र मंगळवारी काढलेले असून त्यात दाढी आहे. सहीच्या वेळी दाढी नाही. साक्षीदारांनी ओळख पटल्याबद्दल स्वतःच्या अक्षरात नमूद करावे.)

साक्षीदार १: प्रेरणा धुमाळ, वकील, भोर. लिहून ठेवणारास मी ओळखते.

साक्षीदार २: धनाजी गेनबा काशीद, पासली, तालुका वेल्हे. फोटोतल्या मानसाला म्या वळखत न्हाई. समोर बसल्याला नूरभाई हाय. त्याला म्या वळखतो.