समहाच्या गाडीचे टायर

मुसल्लम,

पिकअप चोरीला गेलेली नाही, उगाच बोंबलत सुटू नकोस. मीच बिदिया गावात टायरवाल्याकडे नेली आहे. परवा तू बसवलेले ते रुंद, गुबगुबीत टायर बदलून आणते. दिसायला झकास आहेत रे, पण बडा घर पोकळ वासा! जुन्यांवर वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा ११५ होता, यांच्यावर १०४ आहे. म्हणजे एकेक चाक तीनशे किलो कमी पेलणार. त्यात वाळूत शिरताना तू हवा काढतोस, तेव्हा ताकद आणखी घटते. मित्रांना घेऊन टेकड्यांवर मिरवायला ठीक आहे, पण उद्या शर्यतीला जाताना मागे समहा चढणार आहे. उंटीण आहे ती, शेळी नव्हे!

तिला दुपारचा चारा घाल. कॉफी थर्मासमध्ये आहे. खजूर एकटाच संपवू नकोस.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांनी गुणगुणल्याशिवाय समहा गाडीत शांत बसत नाही, म्हणून ते उद्याही मागेच, तिच्या मानेला टेकून बसणार. ‘सत्तरी उलटली, आता पुढे बसा,’ हे त्यांना सांगायला तुझी जीभ रेटली नाही आणि माझीही नाही. त्यापेक्षा चार टायर बदलणं सोपं.

तुझी ताई,
शम्सा