डाळिंबी ठिपका

अण्णा, तुमचं यंत्र माझ्याकडे आहे. खरं तर माझं म्हणायला हवं, बनवलं मी होतं. पण गिरणीच्या टेबलावर ते इतकी वर्षं तुमच्या हाताशी होतं की तोंडात तुमचंच येतं. भुकूमची शेड पाडायची ठरली तेव्हा आईने पट्टे, चाळण्या, तराजू सगळं भंगारात घातलं आणि हे तेवढं माझ्या हातात ठेवलं. "तुजं हाय, तू ने," एवढंच म्हणाली. गिरणीच्या जागी आता बिल्डिंग आहे. खाली मेडिकलचं दुकान आहे, आणि जिथे भाताची पोती उतरायची तिथे लोक मोटारी लावतात. मी हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये कपाटावर हे यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कपाट उघडताना माझी नजर आधी वर जाते, आणि मग मला तुमचा राग येतो. रागच येतो, उगाच गोड कशाला बोलू?

यंत्र नव्हतं तेव्हाची गिरणी मला जास्त आठवते. दिवाळी सरली की पौड रस्त्यावर बैलगाड्या आणि टेम्पो लागायचे. कुणाला भात भरडून हवं असायचं, कुणाला विकायचं. पोतं उतरलं की तुम्ही त्यात कोपरापर्यंत हात घालता, तळातले चार दाणे काढता, एक दाढेखाली धरता आणि डोळे मिटता. कट् वाजलं तर भात वाळलेलं. दाणा नुसता चेपला तर ओल आहे, आणि ओल आहे म्हणजे वजनात तूट धरायची, विकत घेताना पैशात आणि भरडून देताना तांदळात. पण तुम्ही तूट म्हणालात की समोरचाही त्याच पोत्यातला दाणा आपल्या दाढेखाली धरणार. "वाजला की, अण्णा! तुमची दाढ किडलीया, दाताच्या डाक्टरकडं जावा!" मग तुम्ही दुसरा दाणा चावायचा, त्याने तिसरा. दोघेही गायी-म्हशींसारखे रवंथ करत उभे, आणि मी बाजूच्या पोत्यावर बसून हसतेय. शेवटी कुठेतरी मध्ये सौदा तुटायचा आणि चहा यायचा. दाणा चावायला तुम्ही मला तेव्हाच शिकवलंत. "समोरच्या दाताला फार जोर न्हाई, दाढंखाली घे," म्हणायचात.

नव्व्याण्णव साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट काय करावं ते सुचत नव्हतं, तेव्हा मनात आलं की अण्णांच्या दाढेचंच यंत्र करू. एका पितळी भांड्यात मूठभर भात ओतायचं; दोन पत्र्यांच्या मधे ओला दाणा असला की विजेला वेगळा जाणवतो, कोरडा असला की वेगळा, आणि तो फरक वर काट्यावर दिसायचा. सोपं वाटतं, पण तो काटा माझं सबंध वर्ष खाऊन बसला. तुम्ही तेव्हा एसटीने पुण्याला आलात, बुधवार पेठेत माझ्याबरोबर उन्हात हिंडलात, आणि दुकानदाराला "पोरीला चांगल्यातलं द्या, शिकाऊ देऊ नका" असं बजावून मला मल्टिमीटर घेऊन दिलात. तो अजून चालतो. तुम्ही नसता तर हे यंत्र झालंच नसतं, हे मला आजही नाकारता येत नाही आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

यंत्राच्या पोटात एक बारीक स्क्रू असतो. त्याने काटा जुळवायचा. जुळवून झाला की त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे धक्क्याने हलत नाही, आणि कुणी फिरवला तर ठिपका फुटून लगेच कळतं. ही आमच्या लॅबमधली पद्धत. माझ्याकडे डाळिंबी रंगाची बाटली होती, तिचाच ठिपका दिला. तुम्ही वाकून बघत होतात. "यंत्राला बी नटवतीस व्हय?" म्हणून हसलात. मग तुम्ही पेंटर बोलावून पाटी रंगवून घेतलीत, 'येथे भाताची ओल यंत्रावर मोजली जाते', आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजून सांगत सुटलात की माझ्या लेकीनं केलंय. मला हिंजवडीत नोकरी लागली, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायला लागले, शेती-बिती सगळं मागे पडलं. पण कंपनीत कुणी विचारलं, तू काय बनवलंयस, तर मी त्या डब्याचंच नाव घ्यायचे.

नेऱ्याच्या मावशीच्या लेकीचं लग्न तुम्हाला आठवतंय? सख्खी मावशी नव्हे, आईच्या माहेरची, पण तिने मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिच्या वावरातला आंबेमोहोर शिजला की चार घरं पलीकडे वास जायचा. मांडवात पंगतीला बसले आणि पानात भात पडला. वास तोच, पण दाणा अख्खा नाही. नुसती कणी. नवऱ्याकडची एक बाई मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडं कण्या कोंबड्यांस्नी टाकत्यात." मावशी हातात वाढणं घेऊन तिथेच उभी होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. नंतर चुलीपाशी तिला गाठलं तर म्हणते, "माजंच चुकलं गं. अण्णांकडं नेलं तवा यंत्रानं सांगितलं, लई ओल हाय. तूट द्यायला माजं मन हुईना, म्हनून समदं घरी आणलं आन् परत उनात घातलं. ऊन जास्त झालं. भरडाया घातलं तवा समदं फुटलं." मी म्हटलं, पण घरी चावून नाही पाहिलंस? "चावलं की. वाजत हुतं. पन तू केल्यालं यंत्र हाय, ते खोटं कसं बोलंल? मला वाटलं, माजेच दात म्हातारे झाले."

मी रात्रभर भुकूमला आपल्या घरी तळमळत पडले आणि सकाळी तुमच्या आधी गिरणीत गेले. पोत्यातला दाणा दाढेखाली धरला, कट् वाजला. तेच भात भांड्यात ओतलं, तर काटा ओलीकडे. झाकण उघडलं. स्क्रूवर ठिपका होता, नीट, गोल, पण रंग राणी, माझा डाळिंबी नव्हे. अण्णा, पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? हसू आलं. तुम्ही, धोतर-टोपीतले तुम्ही, पौडच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात बायकांच्या घोळक्यात उभं राहून नेलपॉलिश मागताय, आणि दुकानदार विचारतोय, कुठला कलर देऊ? मग हसू ओसरलं. तुम्ही नुसता स्क्रू फिरवला नव्हतात. मला कळू नये म्हणून तुम्ही तजवीज केली होती. जी खूण मी तुमच्या देखत, तुम्हाला समजावून सांगत केली, तिचीच नक्कल करून तुम्ही मला बनवलंत.

तुम्ही आलात. मी झाकण उघडंच ठेवलं होतं. "लाइट जाती-येती, यंत्र हाय, हाललं आसंल," म्हणालात. मी म्हटलं, हलतं ते ठीक आहे, पण रंग बदलतो का? तुम्ही टोपी काढली, पुन्हा घातली. मग चिडलात. माझ्यावर चिडलात! "पंचक्रोशीत समदेच गिरणीवाले तूट धरत्यात. मी येकटाच काय हरिश्चंद्र लागून गेलो?" मी म्हटलं, पूर्वी पण धरत होतात, पण लोक भांडत होते. तेव्हा तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या कानात आहे. "तेच की. तवा भांडायचे. येकेका पोत्याला घसा कोरडा पडायचा. आता कोन बी भांडत न्हाई. तुज्या यंत्राफुडं कुनाचं तोंड उघडत न्हाई." तुम्ही ते माझं कौतुक केल्यासारखं म्हणालात. दाढ तुम्हालाही होती आणि त्यांनाही होती, म्हणून तुम्ही इतकी वर्षं सरळ वागलात. मी त्यांची दाढ काढून घेतली आणि सगळी सत्ता तुमच्या हातात दिली, आणि तुम्ही ती वापरायला एक हंगामसुद्धा थांबला नाहीत बहुतेक. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्याच दिवशी मी नेऱ्याला जाऊन मावशीला खरं सांगितलं. तिने मला वेड्यात काढलं. "लगीन पार पडलं, आता बापाला कशाला बोल लावतीस? अण्णा तसं करायचे न्हाईत." तुमच्यावर तिचा एवढा विश्वास, आणि तुम्ही तिलाच मांडवात मान खाली घालायला लावलीत.

परत आल्यावर मी काटा जुळवला, डाळिंबी ठिपका दिला. तुम्ही समोरच होतात. तुम्ही आपणहून म्हणालात, "तुज्या गळ्याशपथ, परत हात लावनार न्हाई." माझ्याच गळ्याची शपथ! निघताना ती डाळिंबी बाटली तुमच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हटलं, असू दे तुमच्यापाशीच. तो विश्वास होता की आव्हान, मला आजही धड सांगता येत नाही. त्यानंतर मी येत राहिले, जेवत राहिले, तुमचे पायही धरत राहिले, पण गिरणीत पाऊल टाकलं नाही. तुम्हीही कधी 'चल' म्हणाला नाहीत. मग एके दुपारी तुम्ही पोत्यांवर आडवे झालात ते उठलाच नाहीत.

यंत्र घरी आणल्यावर झाकण उघडून पाहिलं. ठिपका डाळिंबीच आहे. खणातली बाटलीही आईने बरोबर दिली होती, पण ती आटून कोरडी पडलीय, तिच्यावरून काही कळत नाही. ठिपका माझा असेल. किंवा तुम्ही पुन्हा फिरवून, या वेळी माझ्याच बाटलीतून दिलेला असेल. नुसतं बघून ओळखता येत नाही, मी भिंग घेऊनही पाहिलं.

ओळखणं अवघड नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. वाळलेलं मूठभर भात ओतायचं, काटा काय म्हणतो ते बघायचं. नेऱ्याचं वावर विकायच्या आधी मावशीने शेवटच्या पिकातलं थोडं भात मला दिलं होतं. भरडू नकोस, वासाला ठेव म्हणाली. ते स्वयंपाकघरात डब्यात आहे. हे लिहायला बसण्याआधी मी यंत्र खाली काढलं, पुसलं, ओट्यावर त्या डब्याशेजारी ठेवलं. एक दाणा दाढेखाली धरला. कट् वाजला. तुम्ही शिकवलंत तसाच.

हे पत्र आता त्याच चादरीत गुंडाळून वर ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? यंत्राचा प्लग मी आजही लावला नाही, अण्णा. मला भीती वाटते.